बाटलीवरचा कागद

आष्ट्यातील आमच्या जुन्या घराचा माळा गेल्या उन्हाळ्यात झाडून काढताना बिस्किटांचा एक गंजलेला पत्र्याचा डबा हाती आला. त्यात ना दागिना होता, ना जमिनीचा दस्तऐवज. होते ते सगळे औषधांचे कागद : बाटल्यांवरून भिजवून अलगद काढलेली लेबले, खोक्यांतील घडीपत्रके, बाजाराच्या दिवशी वाटलेली हस्तपत्रके आणि टपालाने आलेली सूचीपत्रे. आजोबांनी हे सारे जपून ठेवले, ते काही चित्रांच्या हौसेने नव्हे. हस्तपत्रक एकाच बाजूने छापलेले असे. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर हळदीची पोती, शेंगांची उचल, गड्यांचा पगार आणि पर्युषणात बस्तीला दिलेल्या तांदळाचा हिशेब बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. म्हणजे एका बाजूला आमच्या घराचा खरा जमाखर्च आणि दुसऱ्या बाजूला मनुष्यदेहास जडणाऱ्या यच्चयावत व्याधींवर रामबाण उपायांची हमी!

त्या काळी आष्टा सातारा जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आष्ट्याची नगरपालिका १८५३ ची, म्हणजे गाव तसे मोठे आणि जुने. पण पदवीधर डॉक्टर ही दुर्मीळ वस्तू. ताप, मोडशी, खरूज, मुलांची डबा-घोळण यांसाठी घरचा काढा, गावचा वैद्य आणि त्यानंतर टपाल, असा क्रम होता. टपाल हा शब्द मी विचारपूर्वक लिहितो आहे. हिंदुस्थानात व्ही. पी. ची पद्धत १८७७ साली सुरू झाली आणि पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड १८७९ साली आले. या दोन सोयींनी औषधांच्या व्यापाराचा नकाशाच पालटला. एका पैशाच्या कार्डावर सूचीपत्र मागवावे, ते फुकट यावे, मग व्ही. पी. ने बाटली यावी आणि पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवावेत. दुकानदार नाही, वैद्य नाही, नाडी पाहणारा कोणी नाही. रोगी आणि बाटली यांच्यामध्ये उरला तो केवळ छापील कागद.

म्हणून त्या कागदावर एवढी मेहनत घेतलेली दिसते. डब्यात गिरगावच्या के. टी. डोंगरे आणि कंपनीच्या बालामृताची जाहिरात आहे. ‘डोंगरे बालामृताच्या जाहिरातीतले बाळ’ हा शब्दप्रयोग आपल्याकडील आयाबायांच्या तोंडी कित्येक दशके होता. बाटली ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांनाही ते गुटगुटीत बाळ ठाऊक असे. मथुरेच्या सुखसंचारक कंपनीचा सुधासिंधु आहे, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या आहेत, लाहोरची अमृतधारा आहे, आणि वरळीच्या प्रयोगशाळेत तयार होणारी डॉ. बाटलीवालांची तापावरची औषधे आहेत. मुंबई, मथुरा, जामनगर आणि लाहोर आमच्या एका फडताळात शेजारी नांदत होती. यांतील कित्येक कारखानदार पुढे मोठ्या कामाचे निघाले. अमृतांजनाचे काशीनाथुनि नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत बामचा धंदा सुरू केला, संगीताच्या सभांतून त्याच्या डब्या फुकट वाटल्या, आणि त्याच धंद्याच्या बळावर ‘आंध्रपत्रिका’ काढून तेलुगू पत्रसृष्टीत आपले नाव कायम केले. पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्याचा उगम तर १८७२ चा. तेव्हा औषधाची जाहिरात म्हणजे सरसकट लबाडी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशी भाषांतील वृत्तपत्रे आणि मासिके जगली, त्यात वर्गणीदारांइतकाच या बाटल्यांचाही वाटा होता.

चित्रांच्या बाबतीत एक गंमत सांगण्याजोगी आहे. वुडवर्डच्या ग्राइप वॉटरवर दोन सापांचे गळे आवळणारे बाळ असे. तो ग्रीक पुराणातला बालवयातील हर्क्युलिस. आमच्या घरातील बायकांना हर्क्युलिस कोठून ठाऊक असणार? शेजारच्या वैष्णव घरांत त्याला खुशाल बाळकृष्ण आणि कालिया म्हणत. कंपनीलाही ही नाडी सापडली असावी. मूळचे कोल्हापूरचे चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या चित्राचे कॅलेंडर याच कंपनीने १९२८ सालासाठी काढले होते. औषध संपे, बाटली भंगारात जाई. कॅलेंडर मात्र वर्ष संपल्यावरही चौकटीत बसून भिंतीवर राही.

आता त्या ‘पेटंट’ शब्दाविषयी. खरे पेटंट घ्यायचे तर औषधात काय आहे ते सरकारदरबारी उघड करावे लागते आणि मुदत संपली की ते सर्वांचे होते. या औषधांच्या मालकांना नेमके तेच नको होते. म्हणून पेटंट औषध म्हणून जे विकले गेले, त्यातील बहुतेकांचे पेटंट कधी घेतलेच गेले नाही. राखले गेले ते नाव, चित्र आणि बाटलीचा घाट. इंग्लंडात १७८३ पासून १९४१ पर्यंत अशा औषधांवर मुद्रांक कर होता. करवसुलीचा तो सरकारी कागद बाटलीच्या तोंडावर चिकटलेला पाहून गिऱ्हाइकाला वाटे, सरकारने औषध तपासले आहे. आपल्याकडे हेच काम ‘रजिस्टर्ड’ या शब्दाने केले. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा हिंदुस्थानात १९४० साली झाला. त्यापूर्वी मालकाने आपल्या चिन्हाविषयी एक जाहीरनामा लिहून दस्तनोंदणीच्या कचेरीत नोंदवावा, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. शेतीचे खरेदीखत जेथे नोंदवतात तेथेच हेही नोंदवले जाई. बाटलीतील द्रवाकडे तेथील कारकुनाने पाहण्याचे काही कारणच नव्हते.

बाटलीत काय असे, हे मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे आले ते १९०९ साली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नावाजलेली औषधे विकत घेऊन त्यांचे पृथक्करण केले आणि गुप्त औषधांवर एक पुस्तकच छापले. जगभर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. एका डबीतील ५६ गोळ्यांच्या सामग्रीची किंमत अर्धा फार्दिंग, आणि डबी विकली जाई एक शिलिंग दीड पेनीला. म्हणजे शंभरपटीहून अधिक. तरी कोरफड आणि सुंठ निरुपद्रवी म्हणायची. लष्करातील डॉक्टर कॉलिस ब्राउन यांचे पटकीवरचे क्लोरोडाइन हे अफू, गांजा आणि क्लोरोफॉर्म यांचे मिश्रण होते. रोग्याला स्वस्थता वाटे, यात नवल नाही.

जैन कुटुंबात मात्र प्रश्न गुण येतो की नाही, एवढ्यावर थांबत नाही. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा भाग. ज्याचे घटक गुप्त आहेत असे औषध घेणे म्हणजे डोळे झाकून व्रताशी खेळणे. हे मी तत्त्वचर्चा म्हणून लिहीत नाही. आमच्या घरात ते घडले आहे.

आजीला आम्ही सगळे आक्का म्हणत असू. तिचे रात्रिभोजनत्यागाचे व्रत होते आणि मधाचा थेंबही वर्ज्य होता. बाळंतपणानंतर अशक्तपणा गेला नाही म्हणून आजोबांनी एक शक्तिवर्धक औषध मागवले. ते पुढे कित्येक वर्षे घरात येत राहिले. आक्का दिवस मावळण्याच्या आत, पाणी गाळून, त्यात दोन चमचे औषध घाली आणि णमोकार म्हणून ते घेई. चुलतकाका मॅट्रिक होऊन आले, तेव्हा सहज त्यांनी खोक्याच्या तळाशी असलेली बारीक इंग्रजी ओळ वाचली.

“आक्का, ह्यात दारूचा अंश आहे.”

“मग इतकी वर्षं कागदावर लिहिलं का नाही त्यांनी?”

“लिहिलंय. पण इंग्रजीत.”

गुण मराठीत लिहिले होते, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, बाळंतिणीच्या चित्रासह. घटक तेवढे इंग्रजीत. आक्काने उरलेली बाटली मोरीत ओतली, बस्तीत जाऊन प्रायश्चित्त मागून घेतले आणि उपवास केले. कोणाला बोलली नाही. पण नंतर कोणतीही बाटली घरात आली की काकांनी ती आधी पूर्ण वाचून दाखवायची, असा शिरस्ता तिने पाडला. त्या औषधाचे नाव मी येथे देत नाही.

याच्या उलट गोष्ट स्कॉट्स इमल्शनची. ते कॉड माशाच्या यकृताचे तेल, आणि लेबलावर पाठीवर भला मोठा मासा टांगून नेणारा कोळी. ज्या श्राविकेला अक्षरओळख नव्हती, तिलाही ते चित्र पाहून बाटली परत करता आली. मला तर त्या डब्यातील सर्व कागदांत हाच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

देशी म्हणजे निर्दोष, असेही समजू नये. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात. त्यांत मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो, आणि काही पाठांत मधही सांगितलेला आहे. घरोघर बाळंतिणीला दिले जाणारे दशमूलारिष्ट याच वर्गातले. या पेचाचा विचार आपल्या आचार्यांनी अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी केला होता. राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या काळातील उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ म्हणजे मद्य आणि मांस यांचा आश्रय न घेता रचलेले संपूर्ण वैद्यक. त्याच्या अखेरीस मांस हे औषध म्हणूनही ग्राह्य नाही, असे राजसभेत मांडलेले विवेचन आहे. हा ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केला आणि तो १९४० साली सोलापुरात छापला गेला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचा औषधविषयक कायदाही झाला. एकीकडे आचार्यांनी सगळी द्रव्ये, सगळी प्रमाणे श्लोकांत उघड लिहून ठेवलेली. दुसरीकडे व्यापाऱ्यांना घटक सांगायला लावण्यासाठी सरकारला कायदा करावा लागतो. आपल्या परंपरेत औषध हे विकण्याआधी देण्याची वस्तू होते. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांत त्याला स्थान आहे, आणि दान दिलेल्या वस्तूत काय आहे ते लपवण्याचे प्रयोजनच उरत नाही.

१९४० च्या कायद्यामागे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील १९३०–३१ च्या चौकशी समितीचा अहवाल होता. आयुर्वेदीय औषधांना तो कायदा १९६४ च्या दुरुस्तीने खऱ्या अर्थाने लागू झाला; आज त्यांच्या वेष्टनावरही घटकांची यादी असावी लागते. जाहिरातींवरचा स्वतंत्र कायदा १९५४ चा. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, अपस्मार, पक्षाघात अशा ठरावीक व्याधी बऱ्या करतो असे छापणेच त्याने गुन्हा ठरवले. त्याच्या परिशिष्टात चोपन्न नावे आहेत आणि उंची वाढवण्याचे आमिषही त्यांत येते, हे वाचून मला हसू आले. कारण डब्यातील एका पत्रकात नेमके तेच आहे. मंत्र, ताईत, कवच यांच्या औषधी जाहिरातीही त्याच कायद्याने बंद केल्या. या कायद्याला आव्हान दिले गेले, तेव्हा १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने काही कलमांतील त्रुटी दाखवल्या. मात्र अशी व्यापारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, हे स्पष्ट सांगितले.

कायदा आहे, तरी इस्लामपूर रस्त्याने जाताना भिंतींवर मूळव्याधीचा खात्रीचा इलाज आजही वाचायला मिळतो. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या निरोपांत तर व्ही. पी. चाही खर्च नाही. त्यांत प्रशंसापत्रे असतात, छायाचित्रे असतात आणि आता घटकही असतात, कोणी न तपासलेले.

माझी नात आष्ट्यातच आयुर्वेद महाविद्यालयात शिकते. डब्यातील कागद तिने एकेक करून पारदर्शक पिशव्यांत घातले. जाहिरातीची बाजू वर ठेवावी की हिशेबाची, यावर आमचा थोडा वाद झाला. मग तिने एक हस्तपत्रक माझ्यापुढे धरले. पुढे अठरा रोगांची यादी आणि गुण न आल्यास पैसे परत करण्याची प्रतिज्ञा. मागे आजोबांचे अक्षर, तारखेखाली तीन ओळी :

व्ही. पी. १ रुपया २ आणे.
गुण नाही.
बाटली चांगली आहे, तेलास ठेवली.