बीजी वनस्पती : शास्त्रातील बीज आणि शेतातील बियाणे

पेरणीचा हंगाम जवळ आला की बी, बियाणे, बेणे, रोप, कलम हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात येतात. वनस्पतिशास्त्रात मात्र बीज या शब्दाला एकच नेमका अर्थ आहे. ज्या वनस्पतींना बीज तयार होते, त्या सर्वांना शास्त्रीय भाषेत 'स्पर्मॅटोफायटा' असे म्हणतात. ग्रीक भाषेत 'स्पर्मा' म्हणजे बीज आणि 'फायटॉन' म्हणजे वनस्पती. मराठीत यासाठी 'बीजी वनस्पती' ही संज्ञा वापरतात. शेतकरी बंधूंनी ही संज्ञा समजून घेतल्यास कोणत्या पिकाचे बी घरचे ठेवावे व कोणत्या पिकाचे ठेवू नये, हे ठरविणे सोपे जाते.

बीजी वनस्पती कोणत्या?

बीजांडाचे फलन होऊन बीज तयार होते. त्यात गर्भ, गर्भाला सुरुवातीस पुरणारे अन्न आणि वरचे संरक्षक आवरण असते. बीजी वनस्पतींचे दोन मुख्य प्रकार आहेत.

१) आवृतबीज : यांचे बी फळाच्या आत असते. ज्वारी, तूर, कापूस, आंबा अशी आपली जवळजवळ सर्व पिके यात मोडतात.

२) प्रकटबीज : यांचे बी फळात झाकलेले नसते. बागेतील मोरपंखी, सायकस आणि हिमालयातील चीड ही याची उदाहरणे होत. यांना खरी फुले येत नाहीत, तरीही त्या बीजी वनस्पतीच आहेत.

भातखाचरात वापरला जाणारा अझोला हा नेचेवर्गीय असून त्याला बीज येत नाही. अळिंबीचे 'बियाणे' म्हणजे तर धान्याच्या दाण्यांवर वाढविलेली बुरशी असते. शास्त्रीय अर्थाने ते बीज नव्हे.

बी न पेरताही बीजी

उसाची लागवड आपण कांडीने करतो, म्हणून ऊस बीजी नाही असे समजू नये. उसाला तुरा येतो व त्यात बारीक बी तयार होऊ शकते. याच बियांपासून कोईमतूर येथील ऊस पैदास संस्थेत नवे वाण निर्माण झाले. आपल्याकडे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे आंबोली येथील केंद्र संकराचे काम करते. लागवडीच्या केळीत बी नसते, परंतु सह्याद्रीतील रानकेळीच्या फळात टणक काळ्या बिया आढळतात.

घरचे बी केव्हा ठेवावे?

बियांमध्ये आई व बाप या दोघांचे गुण येतात. कांडी, कंद किंवा कलम यांत मात्र मातृवृक्षाचेच गुण उतरतात. म्हणून हापूसच्या कोयीचे झाड हापूससारखे निघेलच असे नाही; त्यासाठी कलमच लावावे. संकरित कापसाच्या किंवा मक्याच्या पिकातील बी पुढील वर्षी पेरल्यास झाडे एकसारखी येत नाहीत व उत्पादन घटते. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नवीन घ्यावे.

सोयाबीन, गहू, हरभरा या पिकांत स्वपरागीकरण होते. त्यामुळे सुधारित वाणाचे प्रमाणित बियाणे एकदा घेतल्यावर त्याच्या उत्पादनातील निवडक बी पुढील दोन वर्षे वापरता येते. सोयाबीनचे आवरण नाजूक असल्याने पोती आदळू नयेत. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर ते बी पेरणीयोग्य समजावे.

कायद्यातील बियाणे

१९६६ च्या बियाणे कायद्याने पेरणी वा लागवडीसाठी वापरले जाणारे बी तर बियाणे मानले आहेच, शिवाय कंद, मुळे, छाट व कलमे यांचाही त्या व्याख्येत समावेश केला आहे. म्हणजेच उसाचे बेणे किंवा आल्याचे कंद शास्त्राच्या भाषेत बीज नसले, तरी कायद्याच्या भाषेत बियाणेच होत. त्यामुळे ते विकत घेतानाही वाणाचे नाव लिहिलेली पक्की पावती घ्यावी. पिशवीतील बियाण्याची पावती व खूणचिठ्ठी, तसेच थोडा नमुना पीक निघेपर्यंत जपून ठेवावा. उगवण कमी झाल्यास किंवा भेसळ आढळल्यास तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो.