अंधारात कान फसतो तेव्हा

अंधेरीहून लोकल सुटताना हिसका बसतो आणि उभ्या प्रवाशाचे पाय आपोआप फाकतात, हात वरची कडी पकडतो. विचार करावा लागत नाही. ही किमया अंतर्कर्णाची. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि केसपेशी मेंदूला खबर देतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात. गुरुत्वाकर्षण आणि वेगातला बदल ते टिपतात. डोळे, स्नायू आणि सांधे या खबरीला दुजोरा देतात.

चालत्या गाडीत मोबाइलमध्ये मान घातली की डोळे ‘स्थिर’ म्हणतात, कान ‘हलतोय’ म्हणतो. मळमळते ते या विसंवादामुळे. अशा वेळी खिडकीबाहेर दूरवर पाहावे.

आकाशात हाच विसंवाद जिवावर बेततो. १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ दुबईला निघाले. पुढे काळोखा समुद्र, क्षितिज दिसेना. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमान उजवीकडे कलल्याचे ते दाखवत राहिले आणि विमान डावीकडे झुकवले गेले, झुकतच गेले. दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कुणीही वाचले नाही.

अशा वेळी कानावर विसंबता येत नाही. अगदी हळू सुरू झालेला कल कानाला जाणवत नाही. वळण एकाच गतीने चालू राहिले, तर काही सेकंदांत संदेश मंदावतो. म्हणूनच वैमानिकांना शरीराच्या जाणिवेपेक्षा उपकरणांवर भरवसा ठेवायला आणि एक उपकरण दुसऱ्याशी ताडून पाहायला शिकवतात.

जमिनीवरही कान फसतो. उतारवयात ते कण सुटून नलिकेत शिरू शकतात. मग कूस बदलताच खोली गरगरते. कान-नाक-घसातज्ज्ञ डोके ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणतात. बहुतेकांना त्यानेच आराम पडतो. मात्र चक्करेसोबत बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. तडक रुग्णालय गाठावे.

घरातल्या ज्येष्ठांसाठी एक साधी सवय: रात्री उठताना आधी दिवा लावावा. अंधारात कानाला डोळ्यांची साक्ष मिळत नाही.