ऑफिसचा मेल खासबागेत कसा पोचला

बेळगावच्या शहापूर-खासबाग-वडगाव पट्ट्यात माग चालतात, आणि मागावरच्या साडीच्या धंद्याला ईमेलची गरज कधी फारशी पडली नाही. व्यापाऱ्याचा फोन, अलीकडे व्हॉट्सअॅपवर डिझाइनचा फोटो, एवढ्यावर भागतं. ईमेल इथे आला तो शिकलेल्या पोरांबरोबर. उद्यमबागेतलं गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज १९७९ चं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ मध्ये बेळगावात आलं. इथून पदवी घेऊन मुलं पुण्याला नि बेंगळुरूला नोकरीला लागली आणि कंपनीचा मेल सुट्टीला त्यांच्याबरोबर घरी यायला लागला. खाली मागाचा खडखडाट, माडीवर मेल, असं चित्र जुळून यायला मात्र बराच काळ गेला.

सुरुवातीला ईमेल म्हणजे नेट कॅफे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, ४ जुलै १९९६ ला हॉटमेल आलं, मुंबईच्या रेडिफची मेलसेवा आली. बायोडेटाच्या डोक्यावर यांपैकी एखादा पत्ता असला की झालं. ऑफिसचा मेल मात्र ऑफिसातच राहायचा. तेव्हा रूढ असलेल्या ‘पॉप’ पद्धतीत संगणक सर्व्हरवरचा मेल उतरवून घ्यायचा आणि तिथली प्रत बहुधा पुसून टाकायचा. शुक्रवारी ऑफिसात उतरवलेला मेल शनिवारी दुसऱ्या संगणकावर शोधला तर नाहीच. यावरचा उपाय खरं तर आधीच तयार होता. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला ‘आयमॅप’ रचलं होतं. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक यंत्र त्याचंच रूप दाखवतं. इथे वाचला की तिथेही वाचलेला दिसतो. आज ‘सिंक होईना’ म्हणून जी तक्रार ऐकू येते, त्या सिंकचं मूळ हे.

खिशातला मेल भारतात आणला ब्लॅकबेरीने, २००४ मध्ये, एअरटेलमार्फत. तो साहेबांचा फोन. कंपनीनेच घेऊन दिलेला, कंपनीच्याच आयटी विभागाने जुळवून दिलेला. त्यावरचा मेल इतका कुलूपबंद होता की २०१० मध्ये केंद्र सरकारने ३१ ऑगस्टची मुदत घालून दिली: तपास यंत्रणांना वाट करून द्या, नाहीतर सेवा बंद करू. पुढे मुदत वाढत गेली, तोडगे निघत गेले. पण ज्युनिअर इंजिनिअरचा या सगळ्याशी संबंध नव्हता. त्याच्या हातात होता नोकिया.

आणि नोकियावर मेल जुळवणं हा एक सोहळाच. आधी फोनवर इंटरनेट चालायला हवं. त्यासाठी मोबाइल कंपनीला एसएमएस करायचा, ‘सेटिंग’ संदेशातून यायची, सेव्ह करताना पिन विचारला की बहुधा १२३४ दाबायचे. जमलं नाही की मोबाइलचं दुकान होतंच. तिथला पोरगा ‘सेटिंग मारून देतो’ म्हणत अॅक्सेस पॉइंटच्या रकान्यात एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम स्वतःच्या हाताने टाइप करायचा. मग ऑफिसचा भाग. २००८ च्या ई७१ सारख्या फोनवर, मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या ऑफिस-मेलच्या सर्व्हरशी फोन जोडणारं, ‘मेल फॉर एक्स्चेंज’ होतं. ते सर्व्हरचा पत्ता मागायचं, डोमेन मागायचं, युजरनेम मागायचं. डोमेन म्हणजे काय हे सांगायला दुकानातलं कुणी नव्हतं आणि आयटीवाल्याचा फोन शनिवारी लागत नव्हता. एक टिंब चुकलं तरी तोच संदेश: कनेक्ट होऊ शकत नाही. कुठलं टिंब, ते तुम्ही शोधा.

सीमाभागात यात आणखी एक गंमत होती, पुण्या-मुंबईच्या कुणाला ती सांगून पटायची नाही. निपाणी-कोगनोळीच्या बाजूला फोन कर्नाटक सर्कल सोडून महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा. माणूस आपल्याच शेतात उभा आणि फोन परराज्यात. तेव्हा रोमिंगला जादा पैसे पडत, म्हणून शहाणा माणूस डेटा रोमिंग बंद ठेवायचा, आणि मग मेल येईना. ‘मेल यायलंय काय रे?’ या प्रश्नाचं उत्तर सर्व्हरपेक्षा वाऱ्यावर अवलंबून. पुण्याहून येणारी रात्रीची बस कागल ओलांडून कोगनोळीच्या नाक्याला लागली की पुण्याचं सिम असलेल्यांचा मेल थांबायचा तो याच कारणाने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते रोमिंगचे वेगळे पैसे न लावता. १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशातल्या देशात रोमिंगचे जादा दर काढून टाकले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न जिथल्या तिथे आहे. फोनपुरता मात्र तो त्या दिवशी सुटला.

दरम्यान फोनच बदलले होते. जुलै २००८ मध्ये आयफोनवर एक्स्चेंजचा मेल आला, ऑक्टोबर २००९ च्या अँड्रॉइड २.० मध्ये तिथेही आला. दोघांनी मायक्रोसॉफ्टची ‘अॅक्टिव्हसिंक’ पद्धत घेतली. तिची युक्ती साधी आहे. फोन सर्व्हरला विचारतो, नवीन काही? सर्व्हर लगेच उत्तर देत नाही, प्रश्न धरून ठेवतो. मेल आला किंवा बैठक हलली की त्या क्षणी उत्तर सोडतो. दर पंधरा मिनिटांनी जाऊन विचारण्याची गरज संपली, बॅटरीही वाचली. पुढे पत्ता नि पासवर्ड दिला की सर्व्हर आपला आपण सापडायला लागला. दुकानातल्या पोराचं ते काम गेलं, पण दुसरं आलं: नव्या अँड्रॉइडला जीमेल खातं लागतं, ते काढून देण्याचं. कितीतरी घरांत वडिलांच्या फोनमधलं जीमेल दुकानदाराने काढलेलं आहे आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही.

सेटिंग सोपी झाली, तशी परवानगी जड झाली. गेल्या वीस-बावीस वर्षांत खरा बदल झाला तो इथे, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं. अँड्रॉइड २.२ पासून ऑफिसचं खातं जोडताना एक पडदा यायला लागला: या खात्याला फोनवर पुढील अधिकार द्या. पासवर्डचे नियम ठरवणं, स्क्रीन लॉक करणं, आणि यादीत सगळ्यात ठळक, सर्व डेटा पुसणं. सर्व म्हणजे सर्व. मुलीच्या बारशाचे फोटोसुद्धा. फोन स्वतःच्या पैशाने घेतलेला, तो पुसायचा हक्क मात्र ऑफिसला. बहुतेकांनी न वाचता ‘सक्रिय करा’ दाबलं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये ‘वर्क प्रोफाइल’ आलं तेव्हा कुठे यात भिंत उभी राहिली: बॅगेचं छोटं चिन्ह असलेली अॅप ऑफिसची, बाकीची आपली. पुसायचंच झालं तर ऑफिसने बॅगेपुरतं पुसावं. ही सोय आहे हे आजही अनेकांना माहीत नसतं.

मेलच्या मागोमाग कॅलेंडर आलं. एका कंपनीच्या यंत्रावरची बैठक दुसऱ्याच्या यंत्राला कळावी म्हणून ‘आयकॅलेंडर’चा नमुना १९९८ मध्येच ठरला होता आणि गुगल कॅलेंडर एप्रिल २००६ चं. खासबागेतल्या घरात मात्र कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं, १९७३ पासूनचं कालनिर्णय. दुधाचा हिशेब नि सिलिंडरची तारीख त्याच्यावरच. खिशातल्या कॅलेंडरचं नि भिंतीवरच्याचं पटायला वेळ लागला, अजून पुरतं पटलेलं नाही. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. फोनमधलं ‘दरवर्षी पुन्हा’ इंग्रजी तारखेला बांधलेलं, त्यामुळे चित्ररथाची रात्र दरवर्षी हाताने नोंदवावी लागते. सुट्ट्यांचं तर विचारूच नका. एका भावाची कंपनी बेंगळुरूची, दुसऱ्याची पुण्याची. एकाला १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, दुसऱ्याला नाही. १ नोव्हेंबरला बेळगावच्या मराठी घरांत काळा दिन पाळतात, ते कुठल्याच कंपनीच्या कॅलेंडरला ठाऊक नाही.

घड्याळाचा घोळ वेगळाच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची सकाळी ११ ची बैठक उन्हाळ्यात इथे रात्री साडेआठला भरते. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की तीच साडेनऊला. सिंक नीट असेल तर फोन हे आपोआप सांभाळतो. वेळ कागदावर उतरवून ठेवणारा तासभर आधी बसून राहतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बेंगळुरूची पोरं गावी परतली आणि शनिवार-रविवारपुरता येणारा मेल मुक्कामालाच आला. सूत नाही, बाजार नाही, म्हणून खाली माग थांबलेले. माडीवर मात्र दर अर्ध्या तासाला बैठकीची घंटा. जेवणाच्या वेळी कॅलेंडरमध्ये ‘व्यग्र’ असा चौकोन टाकून ठेवायची युक्ती अनेकांनी तेव्हाच उचलली.

नंतरची मोठी उलथापालथ गाजावाजा न होता झाली. गुगलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या अॅपना वैयक्तिक खात्यांपुरतं दार बंद केलं आणि मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनवर तेच सुरू केलं. जुन्या फोनमधला मेल एका सकाळी थांबला आणि पासवर्ड दहा वेळा टाकूनही हलेना, त्याचं कारण हे होतं. आता अनेक ऑफिसांत पासवर्डबरोबर ऑथेंटिकेटर अॅपमधली मान्यता लागते. सुरक्षेच्या दृष्टीने बदल योग्यच; पण ते अॅप जुन्या फोनमध्ये राहिलं आणि जुना फोन नव्याच्या बदल्यात दुकानात गेला, तर आयटी विभागाचे पाय धरण्यावाचून गत्यंतर नाही.

खिशातला मेल घड्याळ मात्र पाळत नाही. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या मेलला उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मिळावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही, हे लक्षात घेतलं तर त्या वाटेवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

तोवर हातात आहे तेवढं करावं. नवा फोन घ्याल तेव्हा ऑथेंटिकेटर आधी हलवा, जुना फोन मग दुकानात द्या. ऑफिसचं खातं जोडताना अधिकारांची यादी वाचा आणि वर्क प्रोफाइल मिळतं का ते आयटीला विचारा. आणि नवीन नंबर कुठल्या खात्यात सेव्ह होतात ते आजच पाहा: ते ऑफिसच्या खात्यात जात असतील, तर राजीनाम्याच्या दिवशी खात्याबरोबर आत्याचा नि डॉक्टरांचा नंबरही जाईल.