जपानी पडद्याच्या अस्तरांतील कागद

घडीच्या चित्रित पडद्यास जपानांत ‘ब्योबु’ म्हणतात. पोर्तुगीज ‘बिओंबु’ हा शब्द त्यावरूनच निघाला. लांकडी जाळीवर कागदाचे थर चिकटवून वर चित्र बसवीत. आंतील थरांस रद्दी चाले, आणि संशोधकाचें धन कधीं कधीं तेथेंच सांपडतें. पोर्तुगालांतील एव्होरा येथील ग्रंथालयांत अशा एका पडद्याच्या अस्तरांतून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील जेसुइट पाद्र्यांचे जपानी व पोर्तुगीज कागद निघाले. त्यांत व्हालिन्यानो ह्याच्या धर्मबोधग्रंथाच्या जपानी पाठाचे तुकडे आहेत. ह्या ग्रंथाचा लॅटिन पाठ १५८६ सालीं लिस्बन येथें छापला गेला. ग्रंथकर्ता त्या वेळीं गोव्यांत जेसुइट संघाचा प्रांताधिकारी होता. जपानी पाठाचे हे तुकडे मात्र रद्दी म्हणूनच वांचले! सबब जुना पडदा दुरुस्तीस देतांना, अगर जुन्या बाडाचा पुठ्ठा उकलतांना, कोणता कागद कोणत्या थरांत होता हें पुढें कळावें म्हणून प्रत्येक थर क्रमांक घालून निराळा राखावा.