कमरेभोवती रिंग, घरच्या घरी

भगिनींनो, वस्तीत चालायला मोकळी जागा मिळत नाही, म्हणून व्यायामच सोडायचा का? खाट बाजूला सारा आणि रिंग फिरवा. १९५८ साली अमेरिकेत प्लास्टिकची हुला हूप आली ती मुलांचं खेळणं म्हणून, पण दम मोठ्यांनाही चांगला लागतो. लहान, हलकी रिंग नको, ती लगेच पडते. पाण्याचा जाड काळा पाइप दहा फूट घ्या, गोल करून जॉइंटने जोडा. एक पाय पुढे ठेवा. कंबर गोल गोल फिरवायची नाही, पोट पुढे-मागे ढकलायचं. सगळी मेख इथेच आहे. आधी दोन मिनिटं, हळूहळू दहा. नुसती पोटाचीच चरबी उतरते, हे मात्र खरं नाही. गरोदर, नुकतंच सिझर झालेल्या किंवा कंबरदुखीच्या बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिंग फिरवू नये.