सासऱ्यांची बंदूक

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘बारा’शी माझा संबंध बाराखडीपुरता! पण कल्याणला सासरे वारले आणि मुरबाडच्या शेतावर रानडुकरांसाठी घेतलेली त्यांची बाराबोरची बंदूक आमच्या गळ्यात आली. परवाना माणसाबरोबरच संपतो. १९५९च्या शस्त्र कायद्याचे २१वे कलम सांगते, बंदूक विनाविलंब पोलिसांत किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करा. तशी केली, पावती घेतली.

सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, यांची एवढीच वस्तू उरलीय हो!”

२०१६च्या नियमांत वारस म्हणून जावईही बसतो. अर्ज ठाण्याच्या पोलिस आयुक्तांकडे. इतर वारसांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, वर चौकशी. हवालदाराने शेजारच्या आजींना विचारले, “प्राध्यापक तापट आहेत का?”

“शुद्धलेखन तपासताना फक्त!”

अजून निकाल नाही. पावती सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवली आहे.