ऐकू येतं, पण बोलता येत नाही!

दोस्तांनो, गणपती विसर्जनाच्या रात्री अलका टॉकीज चौकात पोलिसांच्या गाडीतला बिनतारी संच खरखरताना तुम्ही ऐकला असेल. आपल्या घरातला रेडिओ नुसता ऐकवतो. हा संच ऐकवतोही आणि आपलं बोलणं पाठवतोही. राज्याच्या पोलीस बिनतारी विभागाचं मुख्यालय पुण्यातच, पाषाण रस्त्याला आहे बरं का!

असे संच हौशी मंडळीही वापरतात. त्यांना 'हॅम' म्हणतात. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा निरोप पोचवायला हे हॅम धावून गेले होते. अशा वेळी संचातून सगळ्यांचं ऐकू येतंय, पण आपली हाक कुणालाच पोचत नाही, असं झालं तर? लगेच स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा? छे! बिघाड पुष्कळदा खोक्याच्या बाहेरच असतो. तो क्रमाने शोधायचा.

1. जागा बदला. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडल्याच! सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा का उभारला, ते आता कळलं ना? कात्रज घाटाच्या आडोशाला असाल तर थोडं उंचावर या.

2. माईक तपासा. बोलायचं बटण दाबल्यावर संचावरचा दिवा लागतो का? नसेल लागत, तर बटण किंवा माईकची वायर बघा. रोज ताणली जाणारी वायर टोकाशीच तुटते.

3. बॅटरी बघा. गाडीतला 50 वॅटचा संच ऐकताना जेमतेम अर्धा-एक अँपिअर वीज घेतो, पण बोलताना दहा-बारा अँपिअर! गंजलेला किंवा सैल जोड ऐकण्यापुरती वीज देतो आणि बोलताना दगा देतो. म्हणून मीटर लावून बटण दाबलेलं असतानाच व्होल्टेज मोजायचं.

4. अँटेना बघा. पावसाळ्यात जोडात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. मग संचाने पाठवलेली शक्ती भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी परत फिरते आणि संच तापतो. किती शक्ती परतते, ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. आकडा 1.5 च्या आत असेल तर उत्तम. 3 च्या वर गेला तर बोलणं थांबवा. अँटेना न लावता बटण कधीच दाबू नका, आणि कुणी बोलत असताना तिला हात लावू नका.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा हाक द्या. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर बिघाड नेमका कुठे होता ते कळायचंच नाही. हे सगळं करून भागलं नाही, तरच खोकं जाणकाराकडे द्या.

तुम्हालाही हॅम व्हायचंय? वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते. मात्र परवाना मिळेपर्यंत एकट्याने बटण दाबायचं नाही. तो गुन्हा आहे. आई-बाबांना सांगून एखाद्या परवानाधारक हॅमकडे जा आणि आधी ऐकायला शिका.

जाता जाता एक गणित : 300 ला लहरीच्या मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. गाडीवरची साधी अँटेना तिच्या पावपट असते. मग 145 मेगाहर्ट्झसाठी अँटेना किती लांब हवी?

(उत्तर : सुमारे 52 सेंटीमीटर. प्रत्यक्षात ती किंचित आखूड ठेवतात.)